एक टन वाळू, दोन किलो शिंपले

बेळगावच्या उद्यमबागेतील एका ओतकामाच्या कारखान्यात साचे आणि गुणवत्ता या दोन विभागांची जबाबदारी माझ्याकडे आहे. यंत्रांचे बेड, गिअरबॉक्सची कवचे, पंपांची मोठी अंगे असा जड माल आम्ही ओततो. लहान आणि एकसारख्या कास्टिंगसाठी, म्हणजे ओतलेल्या भागांसाठी, बेंटोनाइट ही चिकट माती घातलेली ओलसर वाळू पुरते. पण पाचशे-आठशे किलोच्या मालाला साचा चांगला कडक लागतो, म्हणून तिथे फ्युरान रेझिन या वाळूचे कण जोडणाऱ्या रसायनाची पद्धत वापरली जाते. या पद्धतीत 1 टन सिलिका वाळूत साधारण 10 किलो रेझिन आणि त्याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 4 किलो, आम्लयुक्त हार्डनर मिसळतात. हे मिश्रण पॅटर्नवर, म्हणजे हव्या त्या भागाच्या नमुन्यावर, भरले की आम्लामुळे रेझिन पकड घेऊ लागते आणि अर्ध्या तासाच्या सुमारास साचा काढून घेण्याइतका घट्ट होतो. सगळे काम त्या थोड्याशा आम्लाच्या जोरावर चालते, एवढे वाचकाने ध्यानात ठेवले तर पुढची हकिकत समजायला सोपी जाईल.

ही घटना जुलै महिन्यातील आहे. बेळगावात त्या दिवसांत पाऊस थांबत नाही, हवा गार आणि दमट होते, आणि फ्युरानचे साचे नेहमीपेक्षा उशिरा घट्ट होतात. त्यावर उपाय ठरलेला असतो: हार्डनरचे प्रमाण थोडे वाढवायचे. त्या सकाळी पहिल्या पाळीने भरलेले साचे तासाभराने हात लावून पाहिले तर वरची वाळू बोटाखाली सरकत होती. हार्डनर वाढवला, पुढचे साचेही तसेच राहिले. रेझिनचे पिंप बदलले, मिक्सरच्या पंपातून रेझिन आणि हार्डनर किती येतो ते मोजून पाहिले, वाळूतील ओलावा तपासला. सगळे आकडे नेहमीच्या मर्यादेत होते. रेझिन पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला, तेव्हा त्यानेही हवामानाचेच कारण सांगितले आणि हार्डनर आणखी वाढवण्याचा सल्ला दिला. दरम्यान भट्टीत दीड टन लोखंड वितळून तयार होते. वितळलेले लोखंड तापमान धरून ठेवायचे म्हणजे विजेचे बिल दर मिनिटाला वाढते आणि लोखंडातील घटकांचे प्रमाणही बिघडत जाते, त्यामुळे ओतायचे की नाही हा निर्णय फार लांबवता येत नाही.

साचेकाम पाहणारे आमचे सर्वांत जुने कारागीर येळ्ळूरकडचे आहेत. त्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो. त्यांनी साच्यावर हात फिरवून मला म्हटले, “सर, ह्यो पाऊस नव्हं. पाऊस काय आज नवा पडाय लागलाय? वाळूच वेगळी लागतेय हाताला.” मामांचे बोट माझ्या लेखी कोणत्याही उपकरणाइतके विश्वासार्ह आहे. वाळूच्या नोंदी काढल्या. कणांची जाडी बरोबर, माती नगण्य, ओलावा ठीक. आमची वाळू सिंधुदुर्गातील कासार्डे-फोंडा भागातील खाणींची असते. ती धुऊन, वाळवून, फोंडाघाट चढून निपाणीमार्गे बेळगावला येते. कागदावर या वेळची वाळूही तीच होती. एक फरक मात्र होता. एकदा वापरलेली वाळू चोळून, चाळून पुन्हा वापरण्याजोगी करणारे यंत्र त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी उघडले होते. एरवी साच्यात बहुतांश वाळू जुनी आणि थोडी नवी असते. त्या आठवड्यात संपूर्ण काम नव्या वाळूवर चालले होते.

आमच्या विभागात तेव्हा खानापूर तालुक्यातील एक मुलगी ट्रेनी म्हणून रुजू झालेली होती. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेली, पुढे मेकॅनिकलची पदवी घेतलेली, बोलायला संकोची. आम्ही सगळे हार्डनरच्या आकड्यांवर वाद घालत असताना ती वाळूच्या ढिगाशी गेली, मूठभर वाळू पांढऱ्या कागदावर पसरून कास्टिंगचे पृष्ठभाग पाहण्यासाठी ठेवलेल्या भिंगाखाली धरून बसली आणि थोड्या वेळाने माझ्याकडे येऊन म्हणाली, “सर, ही सगळी वाळू खाणीची नाही. यात समुद्राची वाळू मिसळलेली आहे.”

मी भिंग घेतले. काचेसारखे पारदर्शक, कोनदार कण सिलिकेचे, ते ओळखीचे होते. त्यांच्यामध्ये अधूनमधून दुधी पांढऱ्या, चपट्या कपच्या होत्या. काही किंचित वळलेल्या, काहींवर समांतर रेषा; आणि एक कण असा की ज्याचा सर्पिल आकार भिंगाखाली अगदी स्पष्ट दिसत होता. तो एका अतिसूक्ष्म शंखाचा तुकडा होता. तिने कँटीनमधून लिंबाची फोड आणली आणि त्या कपच्यांवर रस पिळला. बारीक बुडबुडे उठले.

त्यापुढचे रसायनशास्त्र तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक अभियंत्याला ठाऊक होते. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते आम्लाशी संयोग पावते आणि आम्ल संपते. हिशेब तिथेच कागदावर मांडला: 1 टन वाळूत जेमतेम 2 किलो शिंपल्यांचा चुरा असला, तरी आम्ही टाकत असलेले सगळे आम्ल खाऊन टाकण्याइतकी क्षमता त्यात असते. हार्डनर थोडा थोडा वाढवून काही फरक पडत नव्हता, कारण वाढवलेला भागही तिकडेच जात होता. प्रयोगशाळेत वाळूची आम्ल शोषण्याची चाचणी लगेच लावली. 50 ग्रॅम वाळू ठरावीक तीव्रतेच्या आम्लात ढवळायची आणि किती आम्ल उरले ते अल्कलीने मोजायचे, अशी ती चाचणी आहे. चांगल्या सिलिका वाळूचा आकडा पाच-सहा मिलिलिटरच्या आत असावा लागतो. आमच्या नमुन्याचा त्याच्या कितीतरी पट वर आला. ही चाचणी पुरवठादाराला मान्यता देताना केलेली होती, प्रत्येक गाडीमागे होत नव्हती.

मामांचा अनुभव असे सांगत होता की वरून गॅसच्या ज्योतीने साचे शेकून घट्ट करावेत आणि ओतून टाकावे. पूर्वी काही वेळा तसे निभावलेही होते. पण 1,350 अंशांचे लोखंड त्या साच्यात शिरले असते तर शिंपल्यांचे विघटन होऊन कार्बन डाय-ऑक्साइड सुटला असता आणि तो वायू कास्टिंगच्या अंगात पोकळ्या करून बसला असता. अशा पोकळ्या पुष्कळदा बाहेरून दिसत नाहीत. ग्राहकाच्या यंत्रावर कातकाम सुरू झाले की उघड्या पडतात. मी ओतकाम थांबवले, भट्टीतील लोखंड ओल्या वाळूच्या विभागातील तयार साच्यांकडे वळवले, आणि फ्युरानचे सगळे साचे फोडायला सांगितले. संध्याकाळी पुरवठादाराने फोनवर कबूल केले की पावसामुळे धुतलेली वाळू कमी पडल्याने त्याच्या डेपोवर किनाऱ्याकडची वाळू थोड्या प्रमाणात मिसळली गेली होती.

न्यायाने हेही सांगायला हवे की ती मुलगी नसती, तरी प्रयोगशाळेने एक-दोन दिवसांत हे शोधून काढलेच असते. पण प्रयोगशाळेने सांगितले असते की ही वाळू आम्ल शोषते. ही वाळू कुठून आली हे सांगितले नसते. तो प्रश्न त्या सकाळी आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता, कारण आमच्यासाठी वाळू हा पोत्यावर छापलेल्या आकड्यांचा माल होता. तिच्यासाठी वाळूला गाव होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारले की हे तू कुठे शिकलीस. तिने सांगितलेली गोष्ट मला त्या चाचणीच्या आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते. तिच्या शाळेतील भूगोलाचे शिक्षक मुलांना सुट्टीवर जाताना काड्यापेटीची रिकामी डबी देत आणि आजोळी, मावशीकडे, जत्रेला, जिथे जाल तिथल्या नदीची किंवा ओढ्याची वाळू घेऊन या असे सांगत. वर्गाच्या खिडकीत त्या डब्या रांगेने मांडलेल्या असत: मलप्रभेची, मार्कंडेयची, घटप्रभेची, म्हादईची, कुणी वेंगुर्ल्याहून आणलेली समुद्राची. मुले एका भिंगातून ती वाळू पाहत, वहीत कणांची चित्रे काढत आणि कोणत्या वाळूवर व्हिनेगर टाकले की फसफसते ते लिहून ठेवत. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेकडे कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यातून अरबी समुद्रात उतरते. एकाच तालुक्यातील पावसाचे थेंब दोन वेगळ्या समुद्रांकडे का जातात, हे त्या मुलांनी नकाशावर बोट फिरवत, एकमेकांशी भांडत समजून घेतले होते. “परीक्षेत यातलं काही विचारलं नाही, सर,” ती म्हणाली. दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतले आणि भूगोल सुटला. घरच्यांना त्याचे वाईट वाटण्याचे काही कारणच नव्हते.

आमच्या मालकांनी तिचे मोकळ्या मनाने कौतुक केले आणि प्रत्येक गाडीमागे आम्लाची चाचणी सक्तीची केली. तो निर्णय योग्यच होता. पण त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली. बेळगावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळावर मी उद्योगाचा प्रतिनिधी म्हणून बसतो. तिथे मी ‘ओतकामासाठी वाळूचे भूविज्ञान’ असा विषय सुचवावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा हेतू चांगला होता, तरी मी त्यांच्याशी असहमत झालो आणि आजही आहे. पुढची अडचण शिंपल्यांची नसेल. ती कशाची असेल हे आज कुणालाच सांगता येत नाही, आणि सांगता आले असते तर तिच्यावरचा धडा पाठ्यपुस्तकात आधीच घातला गेला असता. त्या शिक्षकांनी मुलांना ओतकामाची वाळू शिकवली नव्हती. त्यांनी नदी शिकवली होती. त्या शिकवण्याला कारखान्याची गरज चिकटवली असती, तर डब्या गेल्या असत्या आणि त्यांच्या जागी गुणधर्मांचा तक्ता आला असता. आणि तसा तक्ता आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्या दिवशीही लावलेला होता.

योगायोगाने अभ्यास मंडळाची बैठक त्यानंतर लवकरच होती आणि विषयपत्रिकेवर नेमका हाच मुद्दा होता. अभियांत्रिकीशी संबंध नसलेल्या विषयांचे तास शक्य तेवढे कमी करून ते प्रोग्रॅमिंग आणि मुलाखतीच्या तयारीला द्यावेत, असा प्रस्ताव होता. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या 2018 च्या नमुना अभ्यासक्रमात चार वर्षांच्या एकूण 160 श्रेयांकांपैकी मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे आणि व्यवस्थापन मिळून 12 श्रेयांक आहेत. आपल्याकडे त्यात राज्यघटना, कन्नड, मानवी मूल्ये, अभियंत्यांसाठी जीवशास्त्र असे छोटे छोटे विषय येतात. विद्यार्थी त्यांना ‘पास होण्याचे विषय’ म्हणतात.

प्रस्तावाच्या बाजूने जे बोलले गेले ते उथळ नव्हते, आणि ते मी गंभीरपणे ऐकले. नोकरीच्या मुलाखतींची व्यवस्था पाहणाऱ्या प्राध्यापकांनी सांगितले की हुक्केरी, चिकोडी, खानापूर तालुक्यांतील मुले शैक्षणिक कर्ज काढून येतात. कुणाच्या वडिलांनी उसाच्या बिलावर फी भरलेली असते. अशा मुलाला तुम्ही राज्यघटना आणि जीवशास्त्र यांत गुंतवून ठेवलेत आणि मुलाखतीत त्याला साधा प्रोग्रॅम लिहिता आला नाही, तर त्याच्या वडिलांना उत्तर कोण देणार? हा प्रश्न मला टाळता येत नाही. ज्याच्या घरी पैसा आहे त्याचा मुलगा संगीत शिकेल, प्रवास करेल, पुस्तके विकत घेईल. अभ्यासक्रमाबाहेरचे जग त्याला घरातच मिळते. नेमक्या याच कारणासाठी मला वाटते की ते तास काढले तर नुकसान गरीब मुलाचेच होईल, कारण शाळा-महाविद्यालयाखेरीज हे जग त्याला दाखवणारे दुसरे ठिकाण नाही. आमच्या ट्रेनीच्या घरी भिंग नव्हते, शाळेत होते.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून विचारले, “तुम्हीच सांगा साहेब, उद्योगाला काय हवंय?” मी वाळूची हकिकत सांगितली. मात्र लगेच पुढे हेही म्हणालो की या हकिकतीच्या आधारावर कृपा करून निर्णय घेऊ नका. भूगोल एका कारखान्याच्या उपयोगी पडला म्हणून तो शिकवायचा असे ठरले, तर उपयोगी पडल्याची कथा ज्याच्यापाशी नाही तो प्रत्येक विषय उद्या बाहेर जाईल. काव्य जाईल, इतिहास जाईल, नक्षत्रे जातील. त्या मुलीच्या कारखान्यात शिंपले कधीच आले नसते, तरी खानापूरच्या पावसाचे पाणी कुठे जाते हे ठाऊक असलेली ती बाई झाली असती, आणि म्हादईच्या पाण्यावरून आपल्या भागात जे तंटे चालतात त्यांवर स्वतःचे मत बनवताना तिला कुणाच्या भाषणावर विसंबावे लागले नसते. हे मोजता येत नाही म्हणून ते कमी होत नाही.

मी तिथे विश्वेश्वरय्यांची आठवण करून दिली. त्यांच्या नावाचे तंत्रज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात आहे. विश्वेश्वरय्या 1881 मध्ये बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी. ए. झाले, आणि त्यानंतर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये येऊन 1883 मध्ये अभियंता झाले. एका थोर माणसाच्या उदाहरणाने सिद्धांत बनत नाही, हे मला कळते. परंतु ज्यांच्या नावाची पदवी आपण मुलांच्या हाती देतो, त्यांना आधी कला शाखेत घालवलेली वर्षे वाया गेल्यासारखी वाटली असतील असे मला तरी वाटत नाही.

कन्नडच्या तासांचा मुद्दा निघाला तेव्हा सभागृहात जरा शांतता पसरली. सीमाभागात भाषेबद्दल बोलताना माणसे सावध होतात आणि त्याला कारणे आहेत. माझे म्हणणे मी स्पष्ट मांडले. मी मराठी शाळेत शिकलो, माझी मुलेही मराठीतच शिकली, आणि मराठीच्या हक्काबद्दल माझ्या मनात कोणताही किंतु नाही. पण बैलहोंगलकडच्या एका सहकाऱ्याशी रात्रपाळीत बोलत बोलत मला जी कन्नड आली, तिच्यामुळे आमच्या भट्टीवरचे अर्धे कामगार मला आपले मानू लागले. आणि महाविद्यालयातील कन्नडचा पेपर पर्यायांतून खुणा करून सोडवलेल्या आमच्या ट्रेनींना मात्र ‘सावकाश ओता’ एवढेही त्या भाषेत सांगता येत नाही. दोष विषयाचा नाही.

आणि त्या दिवशी मला सर्वांत जास्त बोलायचे होते ते याच ठिकाणी. हे विषय विद्यार्थ्यांना निरर्थक वाटतात, कारण आपण ते निरर्थक रीतीने शिकवतो. ज्या प्राध्यापकाचे तास आठवड्याला कमी भरतात त्याच्याकडे राज्यघटना जाते. जे कुणालाच नको असते ते जीवशास्त्र नव्याने रुजू झालेल्या तरुण अध्यापकाच्या गळ्यात पडते. परीक्षेत खुणा करायच्या असतात, म्हणून वर्गात टिपणे वाटली जातात. अशा तासाने मुलाचा वेळ खरोखरच वाया जातो, आणि असा तास रद्द करावा असे कुणी म्हटले तर त्याच्याशी भांडायला माझ्यापाशी फारसे काही नाही. भूगोलावर मनापासून प्रेम असलेल्या एका शिक्षकाने रिकाम्या डब्यांतून जे साधले, ते आपण चार श्रेयांक खर्चूनही साधत नाही.

मंडळाने प्रस्ताव फेटाळला नाही आणि मंजूरही केला नाही. तो पुढच्या सत्रापर्यंत थांबवला. मी लेखी टिपण दिले आहे. त्यात एवढेच मागितले आहे की इतर शाखांचे विषय त्या त्या विषयाच्या माणसाने शिकवावेत, परीक्षेऐवजी विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेल्या आणि नोंदवलेल्या कामाला गुण द्यावेत, आणि तालुक्यांतील शाळांमधून निवृत्त झालेल्या चांगल्या शिक्षकांना या तासांसाठी बोलवावे. त्यावर अडचण अशी निघाली की नियमानुसार पदव्युत्तर पदवी आणि ठरलेली पात्रता नसलेल्या माणसाची नेमणूक करता येत नाही, आणि शाळेत आयुष्य घालवलेल्या बहुतेक शिक्षकांकडे ती नसते. पाहुणे व्याख्याते म्हणून त्यांना बोलावण्याची तरतूद नियमात आहे, तिचा वापर करावा असा अर्ज मी आता प्राचार्यांकडे दिला आहे. व्याख्यानामागे मानधन अगदी थोडे आहे. ते वाढवता येत नसेल तर निदान गावाहून येण्या-जाण्याचा एसटीचा खर्च आमचा कारखाना देईल, असे मालकांनी मान्य केले आहे.